रेनकोट, दर्या आणि शिंप्याची सुई

उल्हासनगरच्या कॅम्प २ मधील कापडाच्या पेठेंत मे महिना सरत आला कीं दुकानांचे दर्शनी भाग पालटूं लागतात. लग्नसराईचे झगझगीत कपडे मागें सरतात आणि त्यांच्या जागीं रेनकोट लटकूं लागतात. गिऱ्हाईक येतें, कापड बोटांनीं चाचपतें आणि ठरलेला प्रश्न विचारतें, “ह्यांतून पाणी येणार नाहीं ना?” दुकानदारही ठरलेलें उत्तर देतो, “घागर ओता, थेंब जाणार नाहीं!” दोघेही कापडाविषयीं बोलत असतात आणि कापडापुरतें तें उत्तर बहुधा खरेंही असतें. तरी जुलैच्या पहिल्या मोठ्या सरींत तेंच गिऱ्हाईक घरीं येतें तें आंतून ओलेंचिंब होऊन. कापड खोटें नव्हतें, दुकानदार खोटा नव्हता. मग पाणी आलें कोठून?

ह्या साध्या प्रश्नाचें उत्तर नीट हवें असेल तर रस्ता सोडून क्षणभर दर्यावर जावें लागतें. रस्त्यावर भिजलेला मनुष्य घरीं जाऊन कपडे बदलतो आणि गरम चहा घेतो. भर समुद्रांत शिडाच्या नौकेवर भिजलेल्या मनुष्याला ती सोय नसते. रेनकोटाची खरी परीक्षा तेथें होते, आणि त्या परीक्षेंत जें ठरतें तें उल्हासनगरच्या शिंप्याच्याही उपयोगाचें आहे.

आपल्या कोळी बांधवांनीं ह्या प्रश्नाला फार पूर्वींच एक शहाणपणाचें उत्तर देऊन ठेविलें आहे : भर पावसाळ्यांत दर्यावर जाऊंच नये. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारावयाच्या, जाळीं दुरुस्त करावयाचीं आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून मग समुद्रावर जावयाचें, ही जुनी रीत. सरकारी नियमानेंही जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळें वादळी समुद्रावर अंगांत काय घालावें हा प्रश्न मराठी किनाऱ्याला फारसा पडलाच नाहीं.

तो पडला शिडाच्या नौकेनें पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्यांना. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘म्हादेई’ ही ५६ फुटांची नौका बांधली गेली. ती घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्यें परत आले. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीला वळसा घालणारे ते पहिले भारतीय होत. त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ ह्या अवधींत वाटेंत कोठेंही न थांबतां प्रदक्षिणा पुरी केली. पुढें ‘तारिणी’ ह्या तशाच नौकेंतून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं सहा स्त्री-अधिकारी २०१७-१८ मध्यें, आणि दिलना के. व रूपा ए. ह्या दोघी २०२४-२५ मध्यें, गोव्याहून निघून पृथ्वीला वळसा घालून गोव्यास परतल्या.

ह्या सर्वांचा मार्ग दक्षिण महासागरांतून जातो. चाळीस अक्षांशांच्या दक्षिणेस वाऱ्याला अडविणारी भूमि जवळजवळ नाहीं. पश्चिमेचा वारा अखंड वाहतो, लाटा डोंगरासारख्या मागून येतात आणि त्यांचें पाणी बर्फाच्या सान्निध्यानें थंडगार झालेलें असतें. तेथें पाणी केवळ आकाशांतून पडत नाहीं; तें समोरून, बाजूनें आणि पायांखालूनही येतें. पाणी हें हवेच्या सुमारें पंचवीस पट वेगानें शरीराची उष्णता ओढून नेतें. शरीराच्या गाभ्याची उष्णता ३५ अंशांखालीं उतरली कीं बुद्धि मंदावूं लागते. आणि त्याच्याही आधीं बोटें निकामी होतात. बोटें गेलीं कीं गांठ सुटत नाहीं, आणि गांठ सुटली नाहीं तर शीड उतरत नाहीं. वादळांत वेळेवर न उतरलेलें शीड नौकेचा घात करूं शकतें. म्हणून तेथें रेनकोट हें सुकाणू किंवा नांगर यांच्याच पंक्तींत बसणारें नौकेचें एक साधन आहे.

ह्या वस्त्राला एकाच वेळीं दोन प्रकारच्या पाण्यांशीं झुंजावें लागतें. एक बाहेरचें पाणी आणि दुसरें आंतलें, म्हणजे अंगाचा घाम. बाहेरचें पाणी पुरतें अडवावें तर आंतलें कोंडतें. आंतल्याला वाट करून द्यावी तर त्याच वाटेनें बाहेरचें शिरतें. पाऊसकपड्यांचा दोनशें वर्षांचा इतिहास हा ह्या एका पेचाचाच इतिहास आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळीं खलाशी कापडाला जवसाचें तेल चोपडीत. जवस आपल्या विदर्भांत आणि दख्खनमध्येंही पिकतें. त्याच्या तेलाचा गुण असा कीं तें हवेंतील प्राणवायु शोषून घेऊन वाळतें आणि कापडावर एक चिवट कातडी धरतें. नॉर्वेंतील मॉस गांवीं हेली यूएल हान्सेन नांवाच्या जहाजाच्या कप्तानानें व त्याच्या पत्नीनें १८७७ सालीं अशाच तेलकपड्यांचा धंदा सुरू केला. ह्या कपड्यांनीं असंख्य खलाशी कोरडे राखले. परंतु ते कपडे उन्हांत चिकटत, थंडींत तडकत, त्यांना उग्र दर्प येई, आणि ढीग करून कोंडून ठेवल्यास आपल्याच उष्णतेनें पेटही घेत.

त्याहीपूर्वीं, १८२३ सालीं, ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यानें नॅफ्थ्यांत रबर विरघळवून त्याचा थर दोन कापडांच्या मधें घालण्याची युक्ति शोधून काढली होती. कापडांतून पाणी जाईना. तेव्हां लोकांनीं तें कापड हौसेनें विकत घेतलें आणि आपापल्या शिंप्याकडे नेलें. शिंप्यानें नेहमींच्या सुईनें नेहमींप्रमाणें कोट शिवला, आणि तो कोट गळूं लागला! सुईनें पाडलेल्या प्रत्येक भोकांतून पावसाला वाट मिळाली होती. लोकांनीं दोष दिला तो मात्र कापडाला. अखेर त्या धंदेवाल्यांना कापडाबरोबर कपडे शिवण्याचें कामही स्वतःच्या हातीं घ्यावें लागलें. कॅम्प २ मधील गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचें उत्तर ह्या जुन्या हकीगतींतच आहे.

पुढें कापड सुधारतच गेलें. गंधकाच्या साह्यानें रबर पक्कें करण्याची कृति १८४० च्या सुमारास साधली आणि त्याचें उन्हांत पाघळणें थांबलें. आपल्या देशांत सुरेंद्रमोहन बोस यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास हा उद्योग उभारला. ‘डकबॅक’ हें नांव पुढें अनेक घरांत रेनकोटाचेंच दुसरें नांव होऊन बसलें. दुसऱ्या महायुद्धांत थंड समुद्रांत पडणाऱ्या वैमानिकांसाठीं इंग्लंडांत लांब धाग्याच्या कापसाचें एक अतिशय दाट विणीचें कापड सिद्ध झालें. पाणी लागतांच त्याचे तंतु फुगत आणि विणींतील फटी आपोआप मिटत. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांनीं टेफ्लॉन एकदम ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा केला. त्याचीं छिद्रें पाण्याच्या थेंबाहून फारच लहान, पण वाफेच्या कणाहून मोठीं असतात. म्हणून घामाची वाफ बाहेर जाते आणि थेंब मात्र आंत येत नाहीं.

कापडाची परीक्षाही आतां शास्त्रीय झाली आहे. यंत्रांत कापडाचा तुकडा ताणून बसवितात, त्याच्या एका बाजूस पाण्याचा दाब हळूहळू वाढवीत नेतात, आणि तीन ठिकाणीं थेंब दिसले कीं दाब मोजतात. तो दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचींत सांगतात. दहा हजार मिलिमीटरांचें कापड म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा भार सोसणारें कापड. एवढें सामर्थ्य आज सामान्य बाजारांतही मिळतें. म्हणजे कापडाचा प्रश्न बहुतांशीं सुटला आहे. राहिला आहे तो सुईचा प्रश्न.

साधा हिशेब करून पाहावा. यंत्राच्या शिवणींत सेंटिमीटरला तीन-चार टांके पडतात. म्हणजे एका मीटरला तीनशें ते चारशें भोकें झालीं. अंगरखा व विजार मिळून दहा मीटर शिवण भरली, तर दहा मीटर पाण्याचा भार सोसणाऱ्या त्या कापडाला शिंप्यानें तीन-चार हजार भोकें पाडलीं, असा अर्थ होतो. म्हणूनच दर्यावरच्या कपड्यांत प्रत्येक शिवणीवर आंतून उष्णतेनें चिकटविलेली पट्टी असते. प्लॅस्टिकचे रेनकोट तर सुई न लावतांच तापवून जोडतां येतात.

हेंच तत्त्व उल्हासनगरच्या शेजारीं एकदां फार मोठ्या प्रसंगीं कामास आलें. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्यामधें अडकून पडली. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान आणि नौदलाची पथकें धांवून आलीं, आणि रबरी होड्यांच्या मदतीनें हजाराहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले. त्या होड्यासुद्धां शेवटीं लेप दिलेलें कापडच. परंतु त्यांचे सांधे सुईनें शिवलेले नसतात, चिकटवून एकजीव केलेले असतात. साध्या शिवणीची होडी क्षणभरही हवा धरूं शकली नसती.

शिवणीनंतर प्रश्न येतो तो वस्त्राच्या दारांचा : मान, मनगट, घोटा आणि पुढची चेन. दोर ओढण्यासाठीं हात वर केला कीं मनगटावरचें पाणी बाहींतून थेट कांखेपर्यंत धांवतें. म्हणून दर्यावरच्या कोटाला दुहेरी मनगट असतें. आंतलें रबरी व घट्ट, बाहेरचें सैल. चेनीवर एक सोडून दोन झडपा असतात. विजार छातीपर्यंत उंच आणि खांद्यांवर पट्ट्यांनीं पेललेली असते, म्हणजे वांकतांना कमरेशीं फट पडत नाहीं. टोपी भडक रंगाची व तिच्यावर चमकत्या पट्ट्या असतात. कारण माणूस पाण्यांत पडलाच तर लाटांमध्यें दिसतें तें केवळ त्याचें डोकें.

अशा वस्त्राचा जाच कांहीं थोडा नसतो. डोलणाऱ्या नौकेच्या कोंदट खोलींत, एका हातानें आधार धरून, दुसऱ्या हातानें तें अंगावर चढवावयाचें, हें काम शांत चित्ताची कसोटी पाहणारें आहे. थर इतके असतात कीं सर्व बंद, बटणें आणि चेनी लावून होतात न होतात, तोंच मनुष्याला देहधर्माची आठवण होते! चालतांना कापड सळसळतें, टोपीमुळें वाऱ्याचा रोख कानांना कळत नाहीं, आणि कष्टाचें काम केलें कीं आंतून घामाचें स्नान घडतें. त्याहून चिवट शत्रु म्हणजे मीठ. समुद्राचें मीठ हवेंतील ओल शोषून घेतें. म्हणून खाऱ्या पाण्यानें भिजलेला कपडा पुरता असा वाळतच नाहीं. त्याला गोड्या पाण्यानें धुतलें पाहिजे, आणि नौकेवर गोडें पाणी तर पिण्यापुरतें मोजून घ्यावयाचें!

इतका जाच सोसूनही दर्यावर्दी तें वस्त्र टाकून देत नाहीं, ह्यांतच त्याची थोरवी आहे. कोरडा मनुष्य आपल्या पाळीचे चार तास सुकाणूपाशीं टिकतो, नकाशा नीट वाचतो आणि निर्णय घाईनें घेत नाहीं. वस्त्रानें वादळ थांबत नाहीं. वादळांत माणसाचें डोकें आणि बोटें शाबूत राहतात, आणि तेवढें पुरेसें असतें.

मग असें उत्तम वस्त्र आणून कल्याण-उल्हासनगरच्या पावसांत घातलें, तर मनुष्य कोरडा राहील काय? बहुधा राहणार नाहीं. आणि त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. वाफ बाहेर जाते ती आंत ओल व ऊब अधिक आणि बाहेर कमी असेल तर. दक्षिण महासागरावर बाहेरची हवा थंड, म्हणून तिच्यांत एकूण वाफ थोडी. तेथें तो सूक्ष्म छिद्रांचा पडदा आपलें काम करतो. ठाणें जिल्ह्यांतल्या जुलैंत बाहेरची हवाच उबदार व पाण्यानें गच्च भरलेली असते. आंतल्या वाफेनें जावें तरी कोठें? शिवाय वरच्या कापडावरील पाणी झटकणारा लेप झिजला कीं तें कापड भिजून जड होतें, वाफेची उरलीसुरली वाट बंद होते, आणि घामानें भिजलेल्या मनुष्याला वाटतें कीं कोटच गळतो.

ह्या बाबतींत कोंकणचा शेतकरी अधिक जाणता म्हणावा लागेल. बांबूच्या कामट्यांचें आणि पळसासारख्या रुंद पानांचें इरलें डोक्यावरून पाठीवर घेऊन तो वांकून भाताची लावणी करतो. इरलें अंगाला चिकटत नाहीं. त्याच्याखालून वारा खेळतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पाठ कोरडी राहते. देशावरचा धनगर घोंगडीची खोळ घेतो. ती भिजते खरी, परंतु लोकर ओली झाली तरी ऊब सोडीत नाहीं. दोघांनींही आपापल्या हवेचा अभ्यास करून वस्त्र ठरविलें. कोंकणांत थंडीचें भय थोडें, म्हणून वारा आंत घेतला. घाटमाथ्यावर गारठा अधिक, म्हणून ऊब राखली.

उल्हासनगरच्या रस्त्यांवर आज इरलें चालणार नाहीं हें उघड आहे. तेथील पावसाचा खलाशी म्हणजे दुचाकीस्वार. तो बसलेला असतो, म्हणून पाणी त्याच्या मांडीवर सांठतें. वेगामुळें सर समोरून आदळते, म्हणून तें चेनींतून शिरतें. आणि त्याच्या रेनकोटाची पहिली गळती होते ती नेमकी विजारीच्या बैठकीच्या शिवणींत, जेथें चार शिवणी एकत्र येतात. दर्यावर्दी आणि दुचाकीस्वार यांचीं संकटें अशीं सारखींच आहेत. अंतर आहे तें प्रमाणाचें.

त्या संकटांवरचा उपाय ह्या गांवाच्या हातांत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ जी लष्करी छावणी होती, तिच्या बराकींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें ‘उल्हासनगर’ ह्या नांवानें त्या वसाहतीची कोनशिला बसली. घरदार गमावून आलेल्या लोकांनीं येथें व्यापारउदीम पुन्हां उभा केला आणि शिवणयंत्राच्या बळावर जीन्सच्या विजारी देशभर पोंचविल्या. येथील मालावरील ‘यू. एस. ए.’ ह्या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, हा विनोद मुंबईकरांनीं वर्षानुवर्षें चघळला. विनोद सोडून दिला तरी त्यांत एक प्रश्न उरतोच : गिऱ्हाइकानें पाहावें तें चिठ्ठीकडे कीं शिवणीकडे? चिठ्ठी परदेशची असो वा कॅम्पांतली, पावसाला अक्षरओळख नसते.

तेव्हां गिऱ्हाइकानें दुकानांत घागर ओतण्याची भाषा ऐकून समाधान मानूं नये. रेनकोट उलटा करावा आणि प्रत्येक शिवणीवर पट्टी शेवटपर्यंत चिकटली आहे कीं नाहीं तें पाहावें. विशेषतः खांदा, कांख व बैठक येथें. अंगांत घालून हात वर करावे, उकिडवें बसून पाहावें. चेनीवर झडप आहे काय, मनगट आवळतां येतें काय, आणि पाठीवर किंवा कांखेखालीं वारा जाण्यास झांकलेली वाट ठेवली आहे काय, हें तपासावें. आपल्या हवेंत ही शेवटची गोष्ट महाग कापडापेक्षां अधिक मोलाची आहे. पावसाळाभर तो सांवलींत, उलटा करून वाळवावा. ओला गुंडाळून ठेवूं नये, नाहीं तर चांगली चिकटविलेली पट्टीसुद्धां सुटते.

शिंप्यानेंही आपल्या कामाची थोरवी ओळखावी. साध्या सदऱ्याची शिवण उसवली तर फार तर हंसें होतें. रेनकोटाची शिवण फसली तर कामावर निघालेला मजूर तापानें अंथरुणास खिळतो आणि त्याची रोजी बुडते, आणि दूर दक्षिणेच्या समुद्रावर तर त्याच चुकीची किंमत प्राणांनीं मोजावी लागते. पाऊस अडविणें हें कापडाचें काम होय. माणसाला कोरडें ठेवणें हें मात्र शिंप्याचें काम आहे, आणि तें कोणत्याही कारखान्याच्या कापडानें आजवर त्याच्या हातून काढून घेतलेलें नाहीं.